परवान्याचं काय केलंस?

शरयूताई,

काल दुपारी त्सुकुबा स्टेशनच्या फाटकाशी मी उगाचच थांबलो. कार्ड हातात होते, गाडीला सहा मिनिटे होती, तरी आत जाववेना. मग लक्षात आले की मी एका प्रश्नाची वाट पाहत होतो. इतकी वर्षे सायकल हातात धरून तुम्ही मला तिथवर सोडायला येत होतात, आणि मी फाटकातून आत गेलो की मागून विचारत होतात, "मिलिंद, परवान्याचं काय केलंस?" रक्तदाबाची गोळी घेतलीस का, असे घरातल्या माणसाला विचारावे, तसे. मी वळून "बघतो, ताई" म्हणायचो आणि जिना उतरायचो. काल वळून पाहिले, तर तुम्ही उभ्या राहायचात त्या खांबाजवळ नुसते ऊन पडले होते.

तुम्हाला जाऊन पाच आठवडे झाले. तुम्ही या देशात कधी आलात, कुठे काम केलेत, किती जणींना डॉक्टरकडे आणि शाळेत सोबत केलीत, हे इतरांनी लिहिले आहे आणि ते खरे आहे. मला त्यात भर घालायची नाही. एका तक्त्यातल्या एका ओळीविषयी मला तुमच्याशी बोलायचे आहे. तुम्ही असताना मी ते बोललो नाही.

बरेचसे तुम्हाला ठाऊक आहे. तरी पहिल्यापासून सांगतो, कारण कबुली देणाऱ्याने मधूनच सुरुवात केली की आधीचे सोयीने गळते.

माझी इरा उरायासुच्या शाळेत पहिलीत होती. शाळेतल्या जेवणाचा महिन्याचा कागद घरी यायचा. रोज काय शिजणार आणि त्यात काय काय असणार, सगळे बारीक जपानी अक्षरांत. आम्ही शाकाहारी, आणि मला त्यातले निम्मे वाचता येत नव्हते. एका संक्रांतीला तुमच्याकडच्या हळदीकुंकवाला तो कागद मी खिशात घालून आलो होतो. तुम्ही चष्मा लावलात आणि तिळगुळाची वाटी बाजूला सारून बोट फिरवू लागलात. "हा मासा. हाही मासा. हा मासा नाही, पण माशाच्या पाण्यात शिजलाय." अर्ध्या पानावर थांबून म्हणालात, "दर महिन्याला हे कोण वाचत बसणार? एकदाच लिहून ठेवू."

एका यंत्रणेतली नावे दुसऱ्या यंत्रणेतल्या नावांशी जुळवणे हा तर माझा धंदाच. बँकांसाठी मी जे करत होतो तेच आपण दुपारच्या जेवणासाठी केले. डावीकडे शाळेच्या कागदावरचे नाव, मध्ये मराठीत तो पदार्थ म्हणजे काय, आणि उजवीकडे खूण. मी दोनच खुणा योजल्या होत्या, 'चालते' आणि 'चालत नाही'. तिसरी तुमची, 'विचारावे'. मी म्हणालो, अशाने तक्ता अर्धवट दिसेल. तुम्ही म्हणालात, माहीत नाही हेही एक उत्तर असते, ते लिहायला लाज कसली. आणि प्रत्येक ओळीपुढे तारखेचा रकाना हवा, हा आग्रहही तुमचाच. कारखान्यातला माणूस उद्या तेल बदलेल, तुझ्या तक्त्याला कोण कळवणार आहे?

'विचारावे'च्या ओळी सुटायच्या त्या हायाशी-सानांमुळे. तुमचे यजमान सकाळी जेवणाच्या टेबलाशी बसून कारखान्यांना फोन लावत. पलीकडची बाई नेमाने विचारी, आपण कोणत्या संस्थेकडून बोलता? आणि ते तितक्याच अदबीने सांगत, "मी एक नवरा आहे." हे सांगताना तुम्हाला हसू आवरत नसे. चाळीस वर्षांच्या संसारात ते मराठी शिकले नाहीत, पण तक्त्याच्या तीन खुणा मात्र शिकले.

मधल्या रकान्यावरून आपले किती वाद झाले. कोन्याकूला मराठीत काय म्हणायचे यावर एक अख्खा रविवार गेला. मी म्हणत होतो, नुसते 'कोन्याकू' लिहा, इथे राहणाऱ्याला कळते. तुम्ही लिहिलेत, 'सुरणाच्या जातीच्या कंदाची वडी'. तुमच्या मराठीला चाळीस वर्षांपूर्वीचा वास होता. 'फळी', 'फडताळ', 'अंमळ' असे शब्द मी पुण्यात शेवटचे कधी ऐकले तेही मला आठवत नव्हते, आणि तुमच्या स्वयंपाकघरात ते रोजच्या वापरात होते.

मग इराची मोठी शाळा सुरू व्हायची वेळ आली, तेव्हा ती आणि तिची आई पुण्याला परत गेल्या. दोन वर्षांत मीही येतो असे म्हणालो होतो. ती दोन वर्षे कधीच उलटली. उरायासुचे घर सोडून घेतलेल्या कावासाकीच्या खोलीत मी, एक टेबल आणि तो तक्ता राहिलो. इरा आता नोकरी करते आणि शाळेच्या जेवणातले तिला काही आठवत नाही. मी मात्र दर महिन्याला शाळेचा नवा कागद मिळवत होतो आणि नव्या ओळी भरत होतो. घरात दुसरे कुणी नसताना मी मुलीच्या डब्याची काळजी करत होतो, असे आता लिहिताना दिसते. तेव्हा मी त्याला समाजकार्य म्हणत होतो.

हे सांगतो आहे ते सबब म्हणून नाही. परवान्याच्या वेळी मी असा का वागलो, याचे खरे कारण इथे आहे म्हणून.

इतर कुटुंबे तक्ता मागू लागली, तेव्हा आपण तो इंटरनेटवर सर्वांसाठी खुला ठेवायचे ठरवले. खुला ठेवायचा म्हणजे कोणत्या अटींवर, ते सांगावे लागते. अशा अटींचे तीन तयार परवाने मी छापून घेऊन आलो होतो. पहिल्यात काहीच अट नव्हती. घ्या, वापरा, विसरा. दुसऱ्यात एवढेच होते की मूळ कुणाचे ते सांगा आणि काय बदलले ते सांगा, मग हवे ते करा. तिसऱ्यात नाव द्या, विकू नका आणि काहीही बदलू नका.

तुम्ही तिन्ही वाचलेत, दुसऱ्यावर बोट ठेवलेत आणि भाजी परतायला उठलात. तुमच्या लेखी तिथे काम संपले होते. मी मात्र तिसऱ्यासाठी वाद घालत राहिलो. लहान मुलांच्या पोटाचा प्रश्न आहे, म्हणालो. कुणी एक खूण चुकीची बदलली आणि वर आपले नाव राहिले तर? तुम्ही झारा हातात धरून वळलात.

"म्हणजे जेवायला या, पण मीठ कमी वाटलं तरी वरून घ्यायचं नाही. असंच ना?"

मी म्हणालो, ताई, हा स्वयंपाक नाही, माहिती आहे. तुम्ही म्हणालात की माहितीच आहे म्हणून तर ती बदलणार. आणि नावाचे जे तुम्ही बोललात ते मी तेव्हा नीट ऐकले नाही. "नाव हवंच. मानासाठी नको. चूक सापडली तर कुणाचं दार वाजवायचं ते कळायला हवं, म्हणून."

मी दोन तास बोललो असेन. तुम्ही दमलात, पटले नाही तुम्हाला. शेवटी म्हणालात, "तू म्हणतोस तर तसं. पण मला पटलेलं नाही, हेही कुठेतरी लिहून ठेव." मी हसलो आणि ते लिहिले नाही. उलट, आपला काटेकोरपणा मिरवायला खाली आणखी एक वाक्य घातले, की या अटी दोघांच्या लेखी संमतीशिवाय बदलता येणार नाहीत. वर तुमचे नाव, खाली माझे.

मुलांची काळजी मला होती, ते खोटे नव्हते. पण ती दाराशी उभी केलेली होती. आत वेगळेच बसले होते. तक्ता माझ्या हातातून जाईल, लोक तो आपापल्या परीने बदलतील, आणि मग रविवारी त्सुकुबाला यायला मला काय कारण उरेल, ही ती भीती होती. तुम्ही मला कधीही ये म्हणाला असतात. ते मला समजायला हवे होते.

आता ती ओळ.

स्नेहल नावाच्या एका मुलीचे पत्र आले. मूळची सांगलीची, जैन, दोन मुलांची आई, आणि राहायला कावासाकीतच, माझ्यापासून तीन स्टेशनांवर. तिने तक्त्यात एक रकाना वाढवला होता, कंदमुळे, कांदा आणि लसूण यांसाठी. तुमच्या 'सुरणाच्या जातीच्या कंदा'मुळेच कोन्याकू आपल्याला चालणार नाही हे कळले, असे तिने मुद्दाम लिहिले होते. हा बदललेला तक्ता तिच्या ओळखीच्या कुटुंबांना दिला तर चालेल का, असे विचारत होती. आणि शेवटी एक वाक्य होते. भोपळ्याच्या कोरोक्केपुढे, म्हणजे आपल्या कटलेटपुढे, 'चालते' अशी खूण आहे. पण कारखान्याने हल्ली ती तळायला डुकराची चरबी वापरायला सुरुवात केली आहे, नव्या वेष्टनावर तसे छापले आहे, म्हणून मी माझ्या प्रतीत ती ओळ दुरुस्त केली आहे.

मी तिला तीन परिच्छेदांचे सभ्य उत्तर लिहिले. परवान्यानुसार बदललेली प्रत वाटता येत नाही. कृपया मूळ तक्ताच द्यावा. आपल्या आस्थेबद्दल आभार. कोरोक्केचे पुढच्या खेपेला पाहू, असे मनात म्हणालो आणि दुसऱ्या कामाला लागलो. स्नेहलने 'ठीक आहे, सर' एवढेच लिहिले आणि चढवलेली आपली प्रत काढून टाकली. तिच्या प्रतीबरोबर तिची दुरुस्तीही गेली. बरोबर ओळ मी नियमाने मिटवली आणि चुकीची ओळ नियमाने जपली.

दीड महिन्याने उरायासुच्या एका आईचा तुम्हाला फोन आला. तिच्या दुसरीतल्या मुलीने शाळेत तक्ता पाहून कोरोक्के खाल्ली होती. नंतर दुकानात त्याच कोरोक्केचे वेष्टन पाहून आईला कळले. ती रागावली नव्हती, रडत होती, हे तुम्ही मला सांगितलेत. आणि लगेच म्हणालात, आपण जायचं.

तुम्ही इथल्या रिवाजाप्रमाणे मिठाईचा डबा घेतलात. स्टेशनाजवळच्या त्या दुकानात दहा मिनिटे डबे उलटेपालटे करून, मागची अक्षरे वाचून, शेवटी योकान निवडलात, लाल घेवड्याची आणि समुद्रशेवाळाच्या जेलीची वडी. क्षमा मागायला नेलेल्या डब्यात तरी पुन्हा चूक नको, म्हणालात. उरायासुच्या त्या घरात तुम्ही चटईवर गुडघे टेकून बसलात आणि सत्तरी ओलांडलेली पाठ पूर्ण वाकवलीत. "तारीख जुनी झाली होती, मी ती पाहायला हवी होती. चूक माझी आहे." ती बाई गडबडून गेली, "अहो काकू, असं काय करता, उठा ना," म्हणत तुमचे दंड धरू लागली. मी तुमच्या मागे बसलो होतो. मीही वाकलो. माझे कपाळ चटईला लागले होते आणि तरीही माझ्या तोंडून ते वाक्य आले नाही.

तेवढ्यात आतून ती मुलगी आली, आपल्या तिघांकडे पाहिले आणि जपानीत म्हणाली, "पण छान लागली होती." तिच्या आईने डोळे मोठे केले. तुम्ही हसू दाबत डब्याकडे पाहत राहिलात.

परतीच्या गाडीत तुम्ही ते हसू मोकळे सोडलेत. "निदान चव तरी होती," म्हणालात. अकिहाबाराला गाडी बदलायची होती. तोवर माझ्यापाशी भरपूर वेळ होता. स्नेहलचे पत्र माझ्या फोनमध्ये होते, फोन माझ्या हातात होता. तुम्ही खिडकीबाहेर पाहत म्हणालात, "आता वय झालं, मिलिंद. नजर चुकते. यापुढे खुणा तूच ठरवत जा."

मी काय म्हणालो, ताई? मी म्हणालो, "असं नका म्हणू, होतं कधीकधी."

त्यानंतर तुम्ही एकाही ओळीपुढे खूण केली नाहीत. मधला रकाना सांगायचात, मराठी शब्द शोधून द्यायचात, पण उजवीकडे आलो की चष्मा काढून ठेवायचात. मी ते दर रविवारी पाहिले. आणि तरीही फाटकाशी तुमचा प्रश्न तोच राहिला. त्या प्रश्नात कधी टोमणा नव्हता. असता तर मला बरे वाटले असते.

इस्पितळात शेवटचा भेटलो तेव्हा सांगायचे ठरवूनच आलो होतो. गाडीत वाक्ये जुळवली होती. तुमच्यासमोर जेवणाचा ट्रे आला, त्यावर त्या दिवसाचा पदार्थांचा कागद होता, आणि तुम्ही तो माझ्यापुढे धरलात. "वाच. आज मला काय चालतं?" मी वाचले. सूपपाशी अडलो. तुम्ही म्हणालात, "विचारावे," आणि परिचारिकेला विचारलेत, आणि सूप बाजूला ठेवलेत. एवढ्यात भेटीची वेळ संपली. दाराशी मागून प्रश्न आला नाही. तुम्हाला झोप लागली होती.

तुम्ही गेल्यानंतर मी परवाना बदलायला बसलो, आणि माझेच वाक्य आडवे आले. दोघांची लेखी संमती. तुमची संमती तर पहिल्या दिवसापासून होती, झारा हातात असतानाची. कागदावर मात्र नव्हती, कारण मी ती लिहून घेतली नव्हती. आता ती तुमच्या वारसाकडून आणायची होती.

म्हणून काल तुमच्या घरी आलो होतो. त्याच दुकानातून योकानचा तोच डबा घेतला. हायाशी-सान दारात म्हणाले, आत या, ती इथेच आहे, आणि तुमच्या फोटोकडे हात केला. डबा आधी तुमच्यापुढे ठेवायचा होता. त्यांनी तो घेतला, सवयीने उलटा केला, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि मागची अक्षरे शेवटपर्यंत वाचली. मग माझ्याकडे न पाहता, तुमच्याकडे पाहत मराठीत म्हणाले, "चालते." आणि तो तुमच्यापुढे ठेवला.

ताई, मला तिथे बसवेना.

मी त्यांना सगळे सांगितले. स्नेहलचे पत्र, माझे उत्तर, कोरोक्केची ओळ, उरायासुची चटई, परतीची गाडी. माझी जपानी इतक्या वर्षांनीही कार्यालयातली आहे. तिच्यात अहवाल देता येतो, रडता येत नाही. त्यांनी मध्ये एकदाही हुंकार दिला नाही, जो इथे सगळे देतात. संपल्यावर मी विचारले, शरयूताईंनी मला क्षमा केली असती का?

मग त्यांनी दोन्ही तळवे मांडीवर ठेवले आणि तुमच्या तिसऱ्या खुणेचा शब्द उच्चारला. "विचारावे."

त्यात दिलासा नव्हता आणि दोषही नव्हता. ते नेहमीसारखे, जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणून सांगत होते. फक्त आता कोणत्याही कारखान्याला फोन लावून ती ओळ सुटणार नव्हती. मग त्यांनी संमतीचा कागद आणि सोबत जपानीत जोडलेली बदलांची नोंद ओढली, संथपणे वाचली, आणि मला म्हणाले की त्या नोंदीत एक वाक्य राहिले आहे. कोणते, मी विचारले. ते म्हणाले, परवाना ठरला त्या रात्री ती म्हणाली होती, हा परवाना मला पटलेला नाही, मिलिंद-सान लिहून ठेवणार आहे. मी मान खाली घातली. त्यांनी सहीच्या जागी आपल्या नावाचा शिक्का शाईत दाबला आणि तुमच्या नावापुढे उमटवला.

खोलीवर येऊन मी आधी स्नेहलला लिहिले. यावेळी परिच्छेद नव्हते. चूक माझी होती, तुमची दुरुस्ती बरोबर होती, तुमचा रकाना कुठे ठेवला असेल तर कृपया तो पुन्हा द्या. मग तक्त्यात कोरोक्केपुढची नोंद पुरी केली. दुरुस्ती स्नेहलची, उशीर माझा, शरयू हायाशी यांचा यात दोष नाही. कारखान्यांना फोन करणाऱ्याचे नाव इतकी वर्षे कुठेच नव्हते, तेही घातले. आणि पहिल्या दिवसाच्या नोंदीत तुमचे वाक्य जसेच्या तसे लिहिले, उशिराची तारीख टाकून.

आज सकाळी स्नेहलचे उत्तर आले. तिने तिची प्रत पुन्हा चढवली आहे. माझ्या चुकीबद्दल तिने काहीच लिहिलेले नाही, आणि तो तिचा हक्क आहे. फक्त विचारले आहे, "सर, आणखी दोन ओळी मला जुन्या वाटतात. कळवू का?" मी लिहिले, कळवा. त्यातल्या एका कारखान्याला मी स्वतः फोन लावला. पलीकडच्या बाईने विचारले, आपण कोणत्या संस्थेकडून बोलता? हायाशी-सानांसारखे उत्तर माझ्याजवळ नव्हते. मी म्हणालो की मी कुणाकडूनच नाही, मला फक्त विचारायचे आहे. तिने जरा वेळ थांबायला सांगितले आणि पाहून आली.

पुढच्या रविवारी मी पुन्हा त्सुकुबाला येणार आहे. तक्त्याचे काम आता तिथे यायचे कारण राहिलेले नाही. हायाशी-सान एकटे जेवतात, एवढे कारण पुरे आहे. परतताना फाटकाशी मी वळेन, हे मला ठाऊक आहे. खांबाजवळ कुणी नसेल. तरी तिथे हळू आवाजात सांगायचे ते आधी इथे लिहून ठेवतो.

परवान्याचं केलं, ताई. दुसरा घेतला. तुम्ही बोट ठेवलं होतं तो.